मीरतच्या न्यायालयात रशिया

दिल्लीच्या ईशान्येस सुमारे ७० किलोमीटरवर असलेल्या मीरत या छावणीच्या शहराचे नाव हिंदुस्थानच्या इतिहासात दोन प्रसंगी गाजले. पहिला प्रसंग सर्वपरिचित आहे. १० मे १८५७ रोजी तेथील शिपायांनी बंड पुकारले आणि रातोरात दिल्लीची वाट धरली. दुसरा प्रसंग त्यानंतर ७२ वर्षांनी घडला, आणि त्यात एकही गोळी झाडली गेली नाही. २० मार्च १९२९ रोजी मुंबई, पुणे, कलकत्ता, लाहोर, अलाहाबाद अशा अनेक ठिकाणी पोलिसांनी एकाच वेळी छापे घातले आणि ३१ जणांना पकडून मीरतच्या तुरुंगात आणले. लेस्टर हचिन्सन या तरुण इंग्रज पत्रकाराची थोड्याच काळाने त्यांत भर पडली. आरोप एकच होता : बादशहाला हिंदुस्थानच्या सार्वभौमत्वापासून वंचित करण्याचा कट. या कटाचे मूळ मॉस्को येथे असून १९१९ मध्ये स्थापन झालेल्या कम्युनिस्ट इंटरनॅशनलने त्याची आखणी केली, असे सरकारचे म्हणणे होते.

आरोपींत मुंबई-पुण्याच्या मंडळींचा भरणा मोठा होता. श्रीपाद अमृत डांगे, एस. व्ही. घाटे, के. एन. जोगळेकर, आर. एस. निंबकर, एस. एस. मिरजकर, बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवून नुकतेच परतलेले गंगाधर अधिकारी आणि वयाने सर्वांत ज्येष्ठ असलेले पुण्याचे डी. आर. ठेंगडी ही त्यांतील काही नावे होत. अर्जुन आत्माराम आळवे व जी. आर. कासले हे तर प्रत्यक्ष गिरणीत काम केलेले कामगार होते. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी संप केला होता. त्या संपातून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनचे आळवे हे अध्यक्ष होते आणि वर्षअखेरीस तिची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या वर गेली होती. सरकारला भय वाटले ते या आकड्याचे. फिलिप स्प्रॅट आणि बेन ब्रॅडले हे दोन इंग्रजही या चळवळीत होते, ही गोष्ट त्या भयात भर घालणारी ठरली.

मुंबईच्या गिरणगावातील संपाचा खटला चौदाशे किलोमीटरवरच्या मीरतमध्ये का चालावा, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. बहुतेक आरोपींचा त्या शहराशी काहीएक संबंध नव्हता. खरे कारण कायद्याच्या व्यवस्थेत होते. मुंबईत किंवा कलकत्त्यात असा खटला उच्च न्यायालयापुढे, ज्यूरीच्या साहाय्याने चालवावा लागला असता, आणि ज्यूरी काय करील याची सरकारला शाश्वती नव्हती. मीरतमध्ये ज्यूरी नव्हती. तेथे असेसर बसत, व त्यांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे.

या अटकांचे पडसाद दिल्लीत लगेच उमटले. विदेशी कम्युनिस्टांना, म्हणजे स्प्रॅट व ब्रॅडले यांच्यासारख्यांना, देशाबाहेर घालवता यावे म्हणून सरकारने मध्यवर्ती विधिमंडळापुढे सार्वजनिक सुरक्षा विधेयक मांडले होते. अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी पेच टाकला : विधेयकाचा आधार आणि मीरतच्या खटल्याचा आधार एकच आहे, तेव्हा न्यायप्रविष्ट बाबीला स्पर्श न करता या विधेयकावर चर्चा व्हावी कशी? एक तर खटला मागे घ्या, नाही तर विधेयक लांबणीवर टाका. सरकारने दोन्ही नाकारले. ८ एप्रिल रोजी, ज्या वर्तुळाकार इमारतीला २०२३ पासून संविधान सदन म्हणतात त्या इमारतीत, भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकले. ११ एप्रिलला पटेलांनी विधेयक नियमबाह्य ठरवले आणि दोनच दिवसांनी व्हाइसरॉय आयर्विन यांनी तीच तरतूद वटहुकमाने अमलात आणली.

आता खटल्याच्या गाभ्याकडे वळू. भारतीय दंडसंहितेच्या १२१-अ या कलमाखाली कट सिद्ध होण्यासाठी कोणतेही प्रत्यक्ष कृत्य घडलेले असण्याची आवश्यकता नव्हती. हेतू आणि संगनमत पुरेसे होते. या आरोपींकडून बेकायदा असे उघड कृत्य घडले, असे सरकारचेही म्हणणे नव्हते. शस्त्रास्त्रे सापडली नव्हती, कोणाचा खून झाला नव्हता. तेव्हा हेतू सिद्ध करायचा कशाने? सरकारी पक्षाने तो पुस्तकांनी सिद्ध करायचे ठरवले. मार्क्स, लेनिन, बुखारिन, स्टालिन यांचे ग्रंथ, इंटरनॅशनलचे ठराव, जप्त केलेली पत्रे आणि हस्तपत्रके यांना पुराव्याचे क्रमांक पडले. कम्युनिस्ट म्हणवणारा माणूस काय करू इच्छितो, हे रशियात कम्युनिस्टांनी काय केले यावरून ठरणार होते. मुंबईच्या कामगारांना तुरुंगात पाठवण्यासाठी पेट्रोग्राडच्या कामगारांचा इतिहास न्यायालयात मांडण्याची वेळ आली ती अशी.

तो इतिहास मराठी वाचकाला सर्वस्वी अनोळखी नव्हता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हिंदुस्थानातील सुशिक्षितांना झारचा रशिया हा आपल्या स्थितीचा आरसा वाटे. तेथेही एक निरंकुश सत्ता, प्रचंड शेतकरी समाज, दुष्काळ, हेर आणि वृत्तपत्रांवरील नियंत्रण होते. १९०८ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला तो ‘देशाचे दुर्दैव’ व ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांवरून. बाँबचा मार्ग का उद्भवतो याची मीमांसा करताना रशियाचे उदाहरण तेव्हा हटकून पुढे येत असे. २२ जुलैला टिळकांना शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या. त्या वेळी युरोपात अज्ञातवासात असलेल्या लेनिनने ऑगस्टच्या आरंभीच या संपाची दखल घेणारा लेख लिहिला. मीरतच्या आरोपींपैकी कित्येकांचे बालपण याच मुंबईत गेले होते.

रशियन क्रांतीचे वर्णन करताना लोक बहुधा १९१७ पासून आरंभ करतात. वस्तुतः तिचा धागा ३ मार्च १८६१ पर्यंत मागे जातो. (रशियाची जुनी कालगणना १९१८ पर्यंत आपल्या कालगणनेच्या मागे होती, म्हणूनच ‘ऑक्टोबर क्रांती’चा दिवस नोव्हेंबरात येतो. येथे सर्व तारखा आजच्या गणनेप्रमाणे दिल्या आहेत.) त्या दिवशी झार दुसरा अलेक्झांडर याने भूदासांच्या मुक्तीची घोषणा केली. खाजगी जमीनदारांच्या ताब्यात असे सुमारे २ कोटी ३० लाख लोक होते. ते जमिनीबरोबर विकले जात, मालकाच्या अनुज्ञेवाचून त्यांना विवाह करता येत नसे किंवा गाव सोडता येत नसे. मुक्तीमुळे हे संपले; परंतु जमीन फुकट मिळाली नाही. सरकारने जमीनदारांना मोबदला दिला आणि तो शेतकऱ्यांकडून ४९ वर्षांच्या हप्त्यांनी वसूल करायचे ठरवले. हप्त्याची जबाबदारी एकट्या शेतकऱ्यावर नसून सबंध गावसभेवर होती. या गावसभेला रशियन भाषेत ‘मीर’ म्हणत. एकाने गाव सोडले तर त्याचा बोजा शेजाऱ्यांवर पडे, म्हणून मीर त्याला सहजी जाऊ देत नसे. कायद्याने मोकळा झालेला माणूस हिशेबाने बांधलेलाच राहिला. सावकाराच्या वहीचा अनुभव असलेल्या मराठी कुळाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

तरीही माणसे शहराकडे आलीच. सेंट पीटर्सबर्ग व मॉस्को येथे परदेशी भांडवलावर प्रचंड कारखाने निघाले. युरोपातील इतर देशांच्या मानाने रशियात कामगारांची एकूण संख्या थोडी होती, पण ते एकेका कारखान्यात हजारोंनी एकत्र आलेले होते. त्यांचे पाय गावाच्या चिखलात आणि हात यंत्रावर, असा तो संधिकाल होता. गिरणगावातला कामगार जसा पेरणीला कोकणात जाई, तसा पीटर्सबर्गचा कामगार कापणीला आपल्या गावी जाई. राज्यकर्त्यांना मात्र या नव्या वर्गासाठी जागाच सापडेना. संघटना करणे गुन्हा, संप करणे गुन्हा. सुधारक झारचा १८८१ मध्ये बाँबने खून झाला आणि त्याच्या पुत्राने सुधारणांची उरलीसुरली दारे लावून घेतली.

२२ जानेवारी १९०५ हा दिवस या कथेतील खरा सांधा आहे. पोलिसांच्या संमतीने चालणाऱ्या एका कामगार संघटनेचा प्रमुख, पाद्री गापोन, याच्या मागोमाग हजारो कामगार बायकामुलांसह झारच्या राजवाड्याकडे निघाले. त्यांच्या हातांत धर्ममूर्तींची व झारची चित्रे होती. झारपुढे गाऱ्हाणे मांडायचे होते. सैन्याने गोळीबार केला. झार हा बाप असून अधिकारी तेवढे दुष्ट आहेत, ही शतकानुशतकांची श्रद्धा त्या बर्फात संपली. त्याच वर्षी संपकऱ्यांनी आपल्या प्रतिनिधींची मंडळे निवडली. रशियन भाषेत मंडळाला किंवा सल्लासभेला ‘सोव्हिएत’ म्हणतात. पुढे या शब्दाने जगभर जी दहशत किंवा भक्ती निर्माण केली, तिच्या मानाने त्याचा मूळ अर्थ फारच साधा आहे. झारने दूमा नावाचे विधिमंडळ दिले, व ते गैरसोयीचे होताच बरखास्त केले. हे दोनदा घडले.

पुढील घटनांचा क्रम परिचित आहे. १९१४ चे महायुद्ध, लाखो सैनिकांचा मृत्यू, रेल्वेची कोंडी, शहरांत पावाची टंचाई. ८ मार्च १९१७ रोजी पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतील स्त्रिया पावासाठी रस्त्यावर आल्या. त्या दिवशी संप करू नये, असेच तेथील क्रांतिकारक पुढाऱ्यांचे मत होते. लेनिन स्वित्झर्लंडमध्ये होता. एका आठवड्यात, १५ मार्चला, झार दुसरा निकोलस याने राज्यत्याग केला. तीनशे वर्षांचे रोमानोव्ह घराणे कोसळले. हंगामी सरकारने लोकांना स्वातंत्र्ये दिली, परंतु युद्ध थांबवले नाही व जमिनीचा प्रश्न पुढे ढकलला. शेतकरी सैनिक खंदक सोडून गावाकडे परतू लागला, कारण तेथे जमिनीची वाटणी सुरू झाली होती. लेनिन एप्रिलमध्ये परतला तो युद्धसमाप्ती, जमीन आणि सर्व सत्ता सोव्हिएतांकडे, ही मागणी घेऊन. ७ नोव्हेंबरला त्याच्या बोल्शेविक पक्षाने सत्ता हाती घेतली. ‘बोल्शेविक’ म्हणजे बहुमतवाले. १९०३ च्या पक्ष परिषदेतील एका मतदानावरून पडलेले हे नाव.

मीरतमध्ये सरकारी वकील लँगफर्ड जेम्स यांनी हा इतिहास सांगितला तो एका कारस्थानाची हकीकत म्हणून. त्यांच्या मांडणीत मूठभर निर्धारी माणसे प्रथम संघटनांत शिरतात, संप घडवतात, असंतोष पेटवतात आणि योग्य क्षणी राज्ययंत्र काबीज करतात. मॉस्कोत जे झाले त्याची पूर्वतयारी परळ-लालबागेत चालू होती. बोल्शेविक हा देशविरोधी, ईश्वरविरोधी व कुटुंबविरोधी असतो, असेही चित्र त्यांनी रंगवले. राष्ट्रीय चळवळीची सहानुभूती आरोपींपासून तोडावी हा त्यामागचा उद्देश होता. तो साधला नाही. मोतीलाल व जवाहरलाल नेहरू बचाव समितीत होते, आणि ऑक्टोबर १९२९ मध्ये गांधीजींनी तुरुंगात जाऊन आरोपींची भेट घेतली.

आरोपींनीही रशियाचा इतिहासच सांगितला. अठरा कम्युनिस्ट आरोपींचे संयुक्त निवेदन निंबकरांनी न्यायालयापुढे ठेवले. आपण कम्युनिस्ट आहोत आणि इंटरनॅशनलचा कार्यक्रम आपल्याला मान्य आहे, हे त्यांनी लपवले नाही. त्यांच्या मते रशियात जे घडले तो कोणाचा डाव नसून समाजविकासाच्या नियमाचा परिणाम होता, आणि हिंदुस्थानातही साम्राज्यशाही व सरंजामशाही यांविरुद्धची क्रांती त्याच नियमाने येणार होती. आरोपींची निवेदने नोंदवण्यास दहा महिन्यांहून अधिक काळ लागला. एरवी जप्त झाली असती अशी मते वृत्तपत्रांना न्यायालयाचे वृत्त म्हणून छापता येऊ लागली. सरकारने आपल्या खर्चाने साम्यवादाची पाठशाळा उघडली, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. याच तुरुंगवासात अधिकारींनी ‘कम्युनिस्ट जाहीरनाम्या’चा मराठी अनुवाद केला, तो १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गविग्रह, श्रमजीवी, भांडवलशाही ही पुढे नित्य झालेली शब्दावली त्या दशकात मराठीत रुळत होती, आणि तिच्या घडणीतला काही भाग तुरुंगाच्या कोठडीत पार पडला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये.

दोन्ही मांडण्यांत उणिवा होत्या. कारस्थानाच्या सिद्धांताला मार्च १९१७ चा उलगडा होत नाही. पावासाठी निघालेल्या स्त्रियांना कोणी मॉस्कोहून वा झुरिचहून आज्ञा केली नव्हती; झारशाही पडली ती तिच्या बाजूने लढायला कोणी उरले नाही म्हणून. नियमाच्या सिद्धांताला जानेवारी १९१८ ची अडचण होते. बोल्शेविकांच्याच सत्तेखाली संविधान सभेची निवडणूक पार पडली. तीत त्यांना सुमारे एक चतुर्थांश मते मिळाली आणि शेतकऱ्यांच्या समाजवादी क्रांतिकारक पक्षाला त्यांहून पुष्कळ अधिक. सभा एकदाच भरली आणि मग तिला कुलूप लागले. त्यानंतर यादवी युद्ध, शेतकऱ्यांकडून धान्याची सक्तीची वसुली, इतर पक्षांवर बंदी आणि मार्च १९२१ मध्ये क्रोनश्टाटच्या खलाशांचा उठाव. हे खलाशी सोव्हिएतांच्या मुक्त निवडणुका मागत होते. सोव्हिएतांच्याच नावाने चालणाऱ्या राज्याने तो उठाव मोडून काढला. त्याच महिन्यात लेनिनने नवे आर्थिक धोरण आणून शेतकऱ्याला बाजारात धान्य विकण्याची मोकळीक दिली.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मीरतमध्ये ज्या रशियाविषयी वाद चालला होता तो तेवढ्या काळात उरलाच नव्हता. अटका झाल्या त्या वर्षाच्या अखेरीस स्टालिनने शेतीच्या सामूहिकीकरणाचा वेग वाढवला. १९२१ ची मोकळीक संपली. संपन्न ठरवलेल्या लाखो शेतकरी कुटुंबांना घरातून उठवून उत्तरेस व सैबेरियात धाडण्यात आले. शहरांसाठी व निर्यातीसाठी धान्य सक्तीने नेले जाऊ लागले. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान, कुबान व व्होल्गाकाठी मिळून किमान ५० लाख माणसे मेली. सोव्हिएत सरकार त्या वेळी हा दुष्काळच नाकारत होते. १६ जानेवारी १९३३ रोजी सेशन्स न्यायाधीश यॉर्क यांनी मीरतचा निकाल दिला. त्यानंतर सहाच दिवसांनी, २२ जानेवारीला, स्टालिन व मोलोतोव्ह यांच्या सहीने आदेश निघाला : युक्रेन व कुबानमधील शेतकऱ्यांना अन्नाच्या शोधात बाहेर पडू देऊ नये. १८६१ पूर्वी गाव सोडायला मालकाची अनुज्ञा लागत असे. मीरतच्या कोठड्यांत ‘शेतकरी-कामगारांचे राज्य’ या शब्दांसाठी वर्षे मोजणाऱ्या माणसांना यातले काही कळण्याचा मार्ग नव्हता. कळले असते तर त्यांनी मानले असते असेही नाही. सरकारी वकिलांच्या दप्तरातही हा रशिया नव्हता. त्यांना लंडनच्या राज्याला धोका देणारा रशिया हवा होता; उपाशी युक्रेनियन शेतकऱ्याचा त्यांना उपयोग नव्हता.

यॉर्क यांचे निकालपत्र ६७६ छापील पृष्ठांचे होते. त्यांनी २७ जणांना दोषी धरले व तिघांना सोडून दिले. ठेंगडी निकालापूर्वीच वारले होते. मुझफ्फर अहमद यांना जन्मठेप काळ्या पाण्याची, डांगे, स्प्रॅट, घाटे, जोगळेकर व निंबकर यांना प्रत्येकी १२ वर्षे, अशा शिक्षा होत्या. अलाहाबाद उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती शाह मुहम्मद सुलेमान व न्यायमूर्ती यंग यांच्यापुढे अपील चालले. खालच्या कोर्टातील पुरावा २५ खंडांत छापला होता. सरकारी पुराव्यांची संख्या साडेतीन हजारांवर, साक्षीदार ३२०, खर्च १६ लाखांहून अधिक. उच्च न्यायालयाने हे सारे आठ दिवसांच्या सुनावणीत निकालात काढले आणि ३ ऑगस्ट १९३३ रोजी शिक्षा एकदम खाली आणल्या. मुझफ्फर अहमद, डांगे व शौकत उस्मानी यांना सर्वाधिक, म्हणजे तीन वर्षांची शिक्षा उरली. विश्वासातून उद्भवणाऱ्या राजकीय गुन्ह्यात कठोर शिक्षा दिली तर गुन्हेगाराचा विश्वास अधिक दृढ होतो व नवे गुन्हेगार निर्माण होतात, असा अभिप्राय न्यायमूर्तींनी नोंदवला. सरकारने पुढच्याच वर्षी, जुलै १९३४ मध्ये, कम्युनिस्ट पक्षावर बंदी घातली.

सुटलेल्यांच्या वाटा वेगवेगळ्या झाल्या. स्प्रॅट हिंदुस्थानातच राहिला, आणि पुढे साम्यवादाचा कडवा टीकाकार बनला. मिरजकर १९५८ मध्ये मुंबईचे महापौर झाले. डांगे १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले. रशियाच्या भूमीवर राहिलेल्या हिंदी क्रांतिकारकांचे प्राक्तन निराळे होते. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय व अवनी मुखर्जी या दोघांना १९३७ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यांच्यासाठी ज्यूरी नव्हती, असेसर नव्हते, अपीलही नव्हते.

अधिकारींनी उतारवयात दिल्लीच्या पीपल्स पब्लिशिंग हाउससाठी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या इतिहासाची कागदपत्रे खंडशः संपादित केली. १९२० च्या दशकातील पक्षाचे स्वतःचे कागद बहुतेक नष्ट झाले होते. जे हाती लागले, त्यांतील पुष्कळसे राष्ट्रीय अभिलेखागारातल्या गुप्त पोलिसांच्या दप्तरांत आणि मीरत खटल्याच्या पुराव्यांत सापडले. जप्तीच्या वेळी घातलेल्या क्रमांकांसह.